पाणी वर चढत नाही

दर जुलैत मुंबईच्या सात तलावांची टक्केवारी बातम्यांत येऊ लागते आणि आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी ती न चुकता टाकतं. शंभर टक्के म्हणजे १४.४७ लाख दशलक्ष लिटर. ‘आपले’ तलाव, असंच आपण म्हणतो. त्यांतले विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत. बाकीचे पाच ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो.

असं का, याचं ठरलेलं उत्तर आहे: पाडे उंचावर, जलाशय खाली, पाणी वर चढत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘टेक्निकली शक्य नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘याला कोणी प्राधान्य दिलेलं नाही’ असा असतो, हे आमच्या धंद्यात लवकर कळतं. भातसाचं पाणी नदीतून पिसे इथे येतं आणि तिथून पंपांनी उचलूनच मुंबईकडे निघतं. मुंबईत पोचल्यावर ते चाळीस मजलेही चढतं.

लाखोंची तहान आणि काही गावं यांत गावांनी हटावं, हा युक्तिवाद मी सरसकट नाकारत नाही. १८६० साली विहार झाला तो शहरातल्या विहिरी-तळी पुरेनाशी झाली म्हणून. पण धरण बांधावं का, एवढ्याच प्रश्नाला हा युक्तिवाद उत्तर देतो. बांधल्यानंतर कोण कोणाचं काय देणं लागतो, हा निराळा प्रश्न. पहिल्याच्या उत्तरावर आपण दुसराही निकालात काढतो.

महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला. त्यामागचं तत्त्व मला फार सरळ वाटतं: ज्यांच्या शेताला धरणाचं पाणी मिळणार, त्यांच्यातल्या मोठ्या खातेदारांकडून थोडी जमीन घ्यायची आणि ती धरणग्रस्तांना द्यायची. लाभ घेणाऱ्याने लाभातूनच परतफेड करायची. शहराच्या धरणाशी हे तत्त्व अडखळतं. इथलं लाभक्षेत्र म्हणजे माझा नळ. द्यायला माझ्याकडे गुंठाभरही जमीन नाही.

एक सहकारी म्हणतो, “तानसा १८९२चं, मी मुंबईत आलो २०१९ला. माझा काय दोष?” दोष काहीच नाही. पण वाडा वारशात घेतला की त्यावरचं कर्जही घ्यावं लागतं. आणि हा वारसा तो रोज सकाळी शॉवरखाली घेतो.

आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे. आजूबाजूच्या पाड्यांपर्यंत पाणी उचलायचा खर्च त्याच्या अंदाजपत्रकात भिंतीच्या खर्चासोबतच धरावा आणि तो आमच्या पाणीपट्टीत स्वतंत्र ओळीत दिसावा, असं मला वाटतं. पट्टी वाढेल. आमच्या सोसायटीच्या सभेत यावर काय होईल, याची कल्पना आहे. मागच्या सभेत पार्किंगच्या दोनशे रुपयांवर दीड तास गेला होता.