रिकाम्या बाकाचं भाडं

कर्जतहून खांडसला निघालेल्या वस्तीच्या एस.टी.त आम्ही पाच टाळकी. दोन आज्या पंच्याहत्तरीपुढच्या, म्हणजे २०२२ पासून फुकट. दोघी बायका २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. फुल तिकीट माझं एकट्याचं! छाती फुगवून कंडक्टरला विचारलं, “ही फेरी परवडते कशी हो?” स्टँडाबाहेरचा सहाआसनी रिक्षावाला भरल्याशिवाय हलत नाही, त्याला अर्थशास्त्र कळतं.

“साहेब, रात्री गाडी रिकामी गेली नाही, तर सकाळी शाळेची पोरं भरून येणार कशी?”

पोरं पासवाली. म्हणजे भरून आली तरी गल्ला हलकाच. सवलतीची भरपाई सरकार करतं, म्हणजे फिरून आपणच. मग खांडसच्या पोरीची दहावी कुठल्या खात्यात मांडायची, जमेच्या की तोट्याच्या? तेवढ्यात कशेळे आलं. मी उतरलो. गाडीतलं एकुलतं फुल तिकीट गेलं, तरी कंडक्टरनं डबल बेल दिलीच.