मागण्याचा अधिकार

गेल्या कार्तिकातील गोष्ट. सोमवारची पालखी आत गेली, आरती झाली, तीर्थप्रसाद घेऊन मंडळी देवळाच्या चौकात घटकाभर टेकली. तेवढ्यात समाजातीलच एक तरुण पावतीपुस्तक घेऊन आमच्यापाशी आला. मुंबईस दर जानेवारीत जी मॅरॅथॉन शर्यत होते, तीत तो २१ किलोमीटर धावणार होता आणि त्या निमित्ताने कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी जमवीत होता. त्यासाठी आपण चार महिने पहाटे उठून धावण्याचा सराव करीत आहो, असेही त्याने सांगितले. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांची पत्नी याच रोगाने गेली. ते म्हणाले, "बाबा, पैसे हवेत तर सरळ माग, आम्ही देऊ. पण तू धावलास म्हणून कोणाचा रोग बरा होणार?" तरुण क्षणभर घोटाळला. मग हलकेच म्हणाला, "नुसते मागायची लाज वाटते, काका."

या उत्तराने वृद्धांचे समाधान झाले की नाही, ते आम्हांस कळले नाही. आमच्या मनात मात्र ते घर करून राहिले. धावणे आणि औषध यांचा कार्यकारणसंबंध नाही, हे उघडच आहे. मग धावणाऱ्याच्या घामाने दानात भर कोणती पडते? ही तपश्चर्या म्हणावी की प्रदर्शन? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आपल्या परंपरेत मागणे हे सर्वांस मोकळे नव्हते. भिक्षेचा अधिकार ब्रह्मचाऱ्यास होता, संन्याशास होता. आणि तो का होता, हे पाहण्यासारखे आहे. एकाने आपले तारुण्य विद्येला वाहिलेले असे, दुसऱ्याने सर्वस्वच सोडलेले असे. दोघांनीही मागण्यापूर्वी काही दिलेले होते. गृहस्थाच्या दारी ते उभे राहत तेव्हा घेणारा आणि देणारा यांत कोण मोठा, असा प्रश्नच उरत नसे. ज्याने स्वतः प्रथम दिले, त्याच्याच तोंडी 'द्या' हा शब्द शोभतो. त्या तरुणास जी लाज वाटली, तिच्या मुळाशी हाच जुना संस्कार असावा.

या प्रकारच्या याचनेचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण आपल्या देशातील नव्हे, कॅनडातील आहे. टेरी फॉक्स हा १९५८ साली जन्मलेला मुलगा. १९७७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचार चालू असता त्याला एक गोष्ट समजली: त्याच्या वाचण्याची शक्यता शंभरांत पन्नास होती, दोनच वर्षांपूर्वी तो आजारी पडता तर ती शंभरांत केवळ पंधरा असती. मधल्या काळात नवी औषधे उपलब्ध झाली होती. म्हणजे कोठल्या तरी प्रयोगशाळेत कोणी तरी राबले होते, त्यांच्यासाठी कोणी तरी पैसा दिला होता, आणि त्या अनोळखी माणसांच्या पुण्याईवर हा मुलगा जगत होता. रुग्णालयातील त्याच्या आसपासची कित्येक माणसे मात्र जगली नाहीत. या ऋणाची जाणीव त्याला स्वस्थ बसू देईना.

त्याने ठरविले की कॅनडा हा देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत ओलांडायचा आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी गोळा करायचा. पुढे त्याने देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर जमावा, असे मागणे मांडले. पण हे मागण्यापूर्वी त्याने चौदा महिन्यांहून अधिक काळ सराव केला. घरच्यांस त्याने आरंभी एका मॅरॅथॉनची तयारी एवढेच सांगितले होते. कृत्रिम पाय घासून मांडीच्या खुंटास जखमा होत, रक्त येई. तरी एकदा त्याने लागोपाठ १०१ दिवस खाडा केला नाही, आणि मग नाताळास एक दिवस थांबला तो आईने सांगितले म्हणून. १९७९ साली प्रिन्स जॉर्ज या गावच्या शर्यतीत तो सर्वांच्या शेवटी आला. त्या दिवसांत त्याच्या मागे ना वृत्तपत्रे होती, ना टाळ्या वाजविणारे लोक. आमच्या मते त्याची खरी तपश्चर्या हीच होय. पुढे जगाने जे पाहिले, तो तिचा केवळ दृश्य भाग होता.

१२ एप्रिल १९८० रोजी त्याने पूर्वेकडील सेंट जॉन्स येथून धावण्यास प्रारंभ केला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक पूर्ण मॅरॅथॉन. आरंभी लोकांचे फारसे लक्ष नव्हते. पण पोर्ट-ओ-बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर दिले, आणि माणशी एक डॉलर हे स्वप्न अशक्य नाही हे दिसून आले. आपल्या धावण्यातून कोणा व्यापाऱ्यास नफा होता कामा नये, असा त्याचा कटाक्ष होता. मालाच्या जाहिरातीसाठी आपले नाव त्याने वापरू दिले नाही. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे या शहराजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पसरला होता. २८ जून १९८१ रोजी तो गेला. त्याला तेविसावे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला होता.

येथे सुज्ञ वाचक दोन आक्षेप घेतील, आणि ते घ्यावयासच हवेत. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीरास निष्कारण छळणाऱ्या तपाचा निषेध केला आहे, आणि सत्कार व मान यांसाठी केलेल्या तपास राजस म्हटले आहे. फॉक्सने दुखणी अंगावर काढली, वैद्यकीय तपासण्या टाळल्या. यास्तव त्याच्यावर टीकाही झाली. ही टीका आम्हांस अवाजवी वाटत नाही. ज्या देहाच्या रक्षणासाठी संशोधन करावयाचे, तो देह तुच्छ लेखणे हे त्या कार्याशीच विसंगत आहे. म्हणून आज जे तरुण अशा शर्यतींसाठी सराव करतात त्यांस आमचे सांगणे एवढेच, की वैद्याचा सल्ला घ्या, अंतर हळूहळू वाढवा. हौतात्म्य हे ध्येय ठेवू नका. दुसरा आक्षेप प्रदर्शनाचा. तो सर्वांसच लागू आहे. शर्यतीची छायाचित्रे घरोघर पाठविणारा धावपटू आणि देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरून घेणारा देणगीदार हे सख्खे भाऊ होत. तेव्हा कसोटी एकच: कोणी पाहत नसता हा मनुष्य किती पहाटे धावला?

संशोधनासाठी दिलेल्या दानाचे एक वैशिष्ट्य आपण नीट ध्यानात घेतलेले नाही. अन्नदान करणारा पंगतीतील तृप्त मुखे पाहतो. शाळेस देणारा मुलांचा किलबिलाट ऐकतो. संशोधनास देणाऱ्याला यांपैकी काहीच दिसत नाही. त्याचा पैसा प्रयोगशाळेत जातो, तेथील बहुतेक प्रयोग फसतात, आणि जो सफल होतो त्याचे फळ कोणा दूरच्या, कदाचित अजून न जन्मलेल्या माणसास मिळते. ही वाट आपल्याकडेही अपरिचित नाही. लेडी मेहेरबाई टाटा १९३२ पूर्वीच रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या पतीने, सर दोराबजींनी, १९३२ साली त्याच रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. जी गेली तिला त्याचा उपयोग नव्हता. आपल्या पूर्वजांनी देवऋण आणि पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋणही सांगितले आहे. ज्ञानाचे ऋण ज्ञानात भर घालूनच फेडावयाचे असते, आणि ज्यास स्वतः ती भर घालता येत नाही त्याने ती घालणाऱ्यास साह्य करावे. फॉक्सला झालेल्या रोगात आज अनेकदा पाय न कापताही शस्त्रक्रिया करता येते. ज्यांनी त्यासाठी दिले, त्यांस ही माणसे कधीच भेटणार नाहीत.

आता त्या वृद्धांच्या प्रश्नाकडे वळू. धावल्याने रोग बरा होत नाही. धावणाऱ्यास केवळ मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. पण एवढ्यावर थांबलो तर आपण स्वतःची फार सहज सुटका करून घेतली, असे होईल. फॉक्स थांबल्यानंतर दानाचा पूर लोटला. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक निधी जमला, म्हणजे माणशी एक डॉलर पुरा झाला. तो मनुष्य अंथरुणास खिळला तेव्हा देश जागा झाला! रोग तर त्यापूर्वीही होता, रुग्णही मरतच होते, प्रयोगशाळांस पैसाही हवाच होता. एका पाय तुटलेल्या मुलाने पाच हजार किलोमीटर धावावे, तेव्हा कोठे आपली थैली सुटावी, यात त्याचा गौरव जितका आहे तितकाच आपला कमीपणाही आहे. त्याच्या घामाने दानात भर पडत नाही; आपल्या अंगची जी झोप, तिची किंमत तो भरीत असतो.

त्या सोमवारी आम्ही पावती घेतली. वृद्धांनीही घेतली, "नाव घालू नकोस, नुसते 'एक भाविक' असे लिही," म्हणाले, आणि तरुणाने तसे लिहिले. घरी परतताना आमच्या मनात एवढेच येत होते, की आम्ही दिले ते त्या मुलाचे तोंड पाहून. तो पुढील वर्षी आला नाही, त्याचे गुडघे दुखले, तो परगावी नोकरीस गेला, तर आम्ही देऊ काय? त्याचा सराव शर्यतीच्या दिवशी संपेल. आमचा सराव तेथून सुरू व्हावयास हवा.