तोच हा तात्या विंचू?

राक्षसपटाचा दुसरा भाग निघाला की पहिल्या भागाचा शेवट तात्पुरता ठरतो. पहिल्या भागात राक्षस मेलेला असतो, प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडून घरी गेलेला असतो. दुसऱ्या भागाला त्याला उठवावे लागते आणि उठवताना एका जुन्या दार्शनिक प्रश्नाचे उत्तरही द्यावे लागते: परत आला तो तोच, की त्याच्यासारखा दुसरा?

भारतीय दर्शनांत हा वाद प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ओळख पटण्याचा. त्याचे ठरलेले उदाहरण 'तोच हा देवदत्त' असे आहे. काल पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला देवदत्त एकच आहे हे आपण ओळखतो, त्याअर्थी दोन्ही वेळांना टिकून राहिलेले काहीतरी आहे, असे नैयायिक म्हणतात. बौद्धांना हे मान्य नाही. कापलेले केस पुन्हा वाढले की लोक 'तेच केस' म्हणतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच वाटते. साम्य पुरेसे असले की ऐक्याचा भास होतो, एवढेच त्यांचे म्हणणे. चित्रपटमालिका चालवणाऱ्याला या दोहोंपैकी एक बाजू घ्यावीच लागते, मग त्याने दर्शनांचे नाव ऐकलेले असो वा नसो.

मराठीत हा पेच सर्वांत ठळकपणे दिसतो तो महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (1993) आणि 'झपाटलेला 2' (2013) या दोन चित्रपटांत. विज्ञानकथेतल्या राक्षसपटांसारखे यात विज्ञान नाही, मंत्र आहे. पण मेलेला खलनायक परत आणण्याची अडचण तीच. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला गुंड तात्या विंचू बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरता मरता आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा तो बाहुला पुढे लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या, घरात येतो. बाहुल्यातून सुटायचे तर ज्याला आपले गुपित पहिल्यांदा सांगितले त्याच्याच शरीरात शिरले पाहिजे, असा नियम आहे. ही कल्पना 'चाइल्ड्स प्ले' (1988) या अमेरिकी चित्रपटाशी उघड नाते सांगते. मात्र परकायाप्रवेश मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. योगसूत्रांच्या विभूतिपादात ती एक सिद्धी म्हणून येते. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात गेल्याची आख्यायिका कीर्तनांतून सर्वांच्या कानावर असते. त्या आख्यायिकेत शिष्य आचार्यांचा मूळ देह राखत बसतात, कारण परत येणे ठरलेले असते. तात्याचा देह राखायला कोणी नाही.

कथेच्या हिशेबाने इथे नैयायिक जिंकले: शरीर बदलले, आत्मा तोच, म्हणून तात्या तोच. प्रेक्षकाचा हिशेब मात्र वेगळाच चालतो. हाडामांसाचा तात्या पडद्यावर थोडाच वेळ दिसतो. लोकांच्या लक्षात राहिला तो बाहुला, त्याचे वटारलेले डोळे, तो खर्जातला आवाज. तात्या लक्ष्याच्या देहात शिरलाच असता तर कथेप्रमाणे तो तात्या ठरला असता, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला तो लक्ष्याच दिसला असता. बाहुल्यातून सुटका हे खलनायकाचे ध्येय, आणि ती सुटका झाली की मालिका संपली. दुसऱ्या भागाला म्हणून तात्याला पुन्हा त्याच बाहुल्याच्या देहात कोंडावे लागते.

वीस वर्षांनी नियमही ताणावा लागला. बेर्डे 2004 मध्ये गेले होते. त्यामुळे कथेतला लक्ष्याही हयात नाही आणि बाहुला आता त्याच्या मुलामागे लागतो. बापाला सांगितलेल्या गुपिताचे देणे मुलाकडे वारशाने आले. पितृऋणाची ही जरा विचित्र आवृत्ती म्हणता येईल. (मुलाची भूमिका आदिनाथ कोठारेची, म्हणजे पडद्याबाहेर तो मुलगा लक्ष्याचा नव्हे, पहिल्या भागात इन्स्पेक्टर महेश जाधव झालेल्या महेश कोठारे यांचा.)

मंत्राचे नाव मात्र अधिक विचार करायला लावते. पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे देऊळ आहे, आणि मृत्युंजय म्हटले की भाविकाला ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला त्र्यंबकाचा मंत्र आठवतो. त्यातली उपमा शेतातली आहे: पिकलेली काकडी जशी देठापासून आपसूक सुटते, तसे मृत्यूच्या बंधनातून सुटावे, अमृतत्वापासून मात्र नव्हे. मागणी पिकण्याची आणि सहज सुटण्याची आहे, देहाला चिकटून राहण्याची नाही. चित्रपटातला मृत्युंजय नेमका उलटा आहे. तिथे न पिकलेले फळ वेल सोडायला तयार नाही, एक वेल सुकला तर दुसऱ्यावर चढू पाहते. दुसऱ्या भागाची निर्मितीही याच न्यायाने होते.

विज्ञानकथेतल्या राक्षसाकडे आत्म्याची सोय नसते. जपानी 'गोजिरा', म्हणजे गॉडझिला, 3 नोव्हेंबर 1954 रोजी पडद्यावर आला; त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली होती. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी शेवटी त्याचा फक्त सांगाडा उरेल अशी व्यवस्था केली. ज्या अस्त्राने तो मरतो त्याचा शोध लावणारा डॉ. सेरिझावा आपले ज्ञान दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही समुद्रतळाशी राहतो. सहा महिन्यांच्या आत दुसरा भाग आला. त्यातला प्राणी हा दुसरा, त्याच जातीचा, असे पात्रांच्या तोंडून स्पष्ट सांगितले गेले. पुढच्या भागांनी हा खुलासा सोडून दिला आणि प्रेक्षकांनीही तो मागितला नाही. बौद्धांचे केस वाढले, लोक 'तोच' म्हणू लागले.

मालिका लांबली तशी स्मरणाची अडचण आली. 1984 मध्ये निर्मात्यांनी पहिला चित्रपट ठेवून मधले सगळे रद्द केले. 1999 ते 2004 मधल्या सहा चित्रपटांपैकी बहुतेकांनी पुन्हा 1954 पासूनच सुरुवात धरली. ही व्यवस्था मीमांसकांना ओळखीची वाटली असती. पहिला चित्रपट श्रुती, बाकीचे स्मृती. विरोध आला तर स्मृती सोडायची. 2016 च्या 'शिन गॉडझिला'ने श्रुतीही नाकारली, त्याच्या जगात आधी कोणी गॉडझिला आलेलाच नाही. श्रुती न मानणारा, या जुन्या काटेकोर अर्थाने नास्तिक म्हणावा असा हा एकच नाही. 2023 चा 'गॉडझिला मायनस वन' हाही त्याच पंथाचा.

श्रुती कायम राहिली तरी तिचा अर्थ तसाच राहत नाही. 1995 च्या भागात, सेरिझावाच्या अस्त्राच्याच परिणामातून नवा राक्षस जन्मतो. 2002 मध्ये समुद्रातली पहिल्या गॉडझिलाची हाडे काढून यंत्रराक्षस बांधतात. पहिल्या चित्रपटात सेरिझावाचा त्याग पूर्ण होता. चाळीस वर्षांनी तो संचित कर्म ठरला, फळ देईपर्यंत न संपणारे.

राक्षसाचा स्वभावही बदलतो. 1964 च्या 'घिडोरा'त गॉडझिला माणसांच्या शत्रूशी लढायला तयार होतो आणि पुढे मुलांचा लाडका होतो. मल्हारी माहात्म्यातला मणी दैत्य मरताना शरण येतो, आपला पांढरा घोडा खंडोबाला देतो आणि देवळात जागा मिळवतो. मल्लाला तशी सद्बुद्धी होत नाही. तरी देवाचे नाव त्याच्यावरूनच पडले, मल्हारी. मारल्या गेलेल्या राक्षसावाचून मारणाऱ्याची ओळख उरत नाही, ही सोय देवळाला आणि चित्रपट कंपनीला सारखीच उपयोगी पडते.

एकाचे अनेक झाले की नैयायिकांची खरी पंचाईत होते. 2017 मध्ये 'चाइल्ड्स प्ले' मालिकेतल्या चकी या बाहुल्याचा आत्मा एकाच वेळी अनेक बाहुल्यांत शिरतो. आत्मा अखंड मानला तर हे अशक्य. ज्योतीच्या उपमेत मात्र काहीच अडत नाही, एका दिव्यावर दहा दिवे लागतात. देवीमाहात्म्यातला रक्तबीज हे याचे जुने, ओळखीचे रूप. जमिनीवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबातून तसाच असुर उभा राहतो. चामुंडा तोंड पसरून थेंब वरच्यावर झेलते, तेव्हा कुठे तो संपतो. गॉडझिलाच्या चित्रपटांत थेंब झेलायला कोणी नसते. 2001 च्या भागात शेवटी समुद्रतळाशी एकटे हृदय धडधडत असते. 2023 च्या भागात खोल बुडणारा मांसाचा तुकडा हळूहळू भरून येऊ लागतो.