नाकारलेली गोळी

वृद्धाश्रमातील एखादे आजोबा गोळी पुढे केली की ओठ घट्ट मिटून घेतात. सेवा करणाऱ्या सिस्टरांनी हे डॉक्टरांना कळवावे काय? ती चहाडी ठरेल, असे पुष्कळांना वाटते. मग कोणी गोळी भातात कालवतो, तर कोणी वहीत ‘दिली’ अशी खूण करून मोकळा होतो.

आमच्या मते ही खूण अधिक घातक होय. वहीत गोळी रोज दिलेली दिसते, रक्तदाब मात्र उतरत नाही. साहजिकच डॉक्टर मात्रा वाढवतात. पुढे एके दिवशी आजोबा ती वाढीव गोळी निमूटपणे घेतात आणि चक्कर येऊन पडतात. आठवी आज्ञा काही न्यायालयातील साक्षीपुरतीच नाही.

नकारामागे बहुधा कारण असते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी दिली, तर रात्री अंथरूण ओले होण्याची लाज वाटते. ती सकाळी द्यावी, एवढे डॉक्टर सहज सांगू शकतात. पण त्यांना कळले तर!

कळवल्यावर जबरदस्ती होईल, ही भीती मात्र अनाठायी नव्हे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढेच स्पष्ट केले होते, की रोग्यावर वैद्याचा स्वतंत्र असा हक्क नसतो. सामान्यतः रोग्याच्या उघड वा गर्भित संमतीनेच त्याने उपचार करावेत. म्हणून सिस्टरांनी आधी आजोबांना सांगावे, “बाबा, डॉक्टरांना कळवते हं.” डॉक्टरांनी खाटेशी बसून परिणाम समजावावेत, आणि तरीही ‘नको’ आले तर तेच वहीत लिहावे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे मुलांना विचारावे लागते. आणि मुले आखातात असली, की तो फोन बहुधा आम्हा धर्मगुरूंनाच करावा लागतो.