पुसलं तूच, बॉक्सने नाही

खाली बस. मोबाइल खिशात ठेव. माझं बोलणं संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. तुझं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं आहे: 'बॉक्सने डिलीट केलं.' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. आप्पांच्या टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला रेकॉर्डिंगसाठी तू त्यांची डिस्क लावलीस, तेव्हा बॉक्सने तुला विचारलं होतं. ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, तिच्यातलं सगळं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं होतं आणि रिमोटवरचं ओके तू दाबलंस. इंग्रजीत होतं म्हणून वाचलं नाही, असं म्हणणार असशील तर ते त्याहून वाईट. दोन ओळी वाचण्याइतकं इंग्रजी तुला शाळेने दिलं आहे. आणि समजलं नसतं, तर थांबायचं होतं. न समजलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणायला तुला कोणी शिकवलं?

त्या डिस्कमध्ये काय होतं ते तू विचारलंसुद्धा नाहीस. मी सांगतो. आप्पांच्या मुलीच्या लग्नाचं चित्रण होतं. त्यांच्या डाळिंबाच्या बागेचे वर्षानुवर्षांचे फोटो होते. कोणत्या बहाराला फुलोरा कसा आला, तेल्या रोग पहिल्यांदा कोणत्या ओळीत दिसला, कोणती फवारणी केल्यावर डाग पसरायचा थांबला, हे सगळं तारखेसकट. आपल्या बागलाण तालुक्यात तेल्याने किती बागा उपटायला लावल्या, ते तुझ्या घरालाही माहीत आहे. आप्पांनी बाग टिकवली ती या नोंदींवर. काल ते माझ्याकडे आले आणि एवढंच म्हणाले, "मना बागना फोटू गयात, मास्तर." तुझ्याबद्दल एक वाईट शब्द काढला नाही त्यांनी. म्हणून मी काढतो आहे.

राग येतो तो तू अडाणी आहेस म्हणून नाही, तू कामाचा माणूस आहेस म्हणून. तुझं डिशची छत्री बसवण्याचंच काम घे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-15 हा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. सटाण्यातून पाहिलं तर तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर येतो. हे गणित मी कागदावर मांडतो. तू गच्चीवर उभा राहून छत्री नुसती फिरवतोस आणि सिग्नल पकडतोस. 36 हजार किलोमीटरवरची वस्तू ज्याला न दिसता सापडते, त्याला हातभर अंतरावरचा पडदा वाचता येऊ नये? छत्रीच्या कामात तू अंशाअंशाची काळजी घेतोस, कारण चुकलं तर टीव्ही लागत नाही आणि पैसे मिळत नाहीत. डिस्कच्या कामात चुकलं तर नुकसान गिऱ्हाइकाचं होतं. काळजी कुठे घ्यायची हे तू असं ठरवतोस का? याचं उत्तर तुला स्वतःला द्यायचं आहे.

आता तुझा दुसरा गुन्हा. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि तुला त्याचा पत्ताच नाही. फॉरमॅट झाल्यावर आप्पा ओरडले, "अरे, यात माझं सामान होतं." तेव्हा तू काय केलंस? 'आता गेलंच आहे' म्हणालास आणि संध्याकाळची मॅच रेकॉर्डिंगला लावून निघून आलास. घाईचं फॉरमॅट म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातली नोंद खोडण्यासारखं असतं. सातबारावरून नाव गेलं तरी शेत जागेवरच असतं, त्यावर दुसऱ्याचा नांगर फिरेपर्यंत. डिस्कवरची कोणती फाइल कुठे आहे याची यादी बदलली जाते, मजकूर बराच काळ तसाच पडून राहतो. त्याच क्षणी डिस्क काढून बाजूला ठेवली असती, तर जाणकार माणसाने सॉफ्टवेअर लावून बहुतेक सगळं परत काढलं असतं. तू त्यावर नांगर फिरवलास. चार तासांची एचडी मॅच म्हणजे सुमारे 14 जीबी नवा मजकूर. शिवाय चालू कार्यक्रम मधेच थांबवता यावा म्हणून पुष्कळ बॉक्स आपलं आपण सतत लिहीत असतात. मॅच संपल्यावरही डिस्क तिथेच, बॉक्स चालूच. त्या रात्री कोणता फोटो दबला, लग्नातला कोणता भाग दबला, हे आता कोणी सांगू शकत नाही.

14 जीबी कुठून आले, असं तोंड करू नकोस. हे आठवीचं गणित आहे. एचडी वाहिनी सेकंदाला 8 मेगाबिटच्या आसपास धर. 8 बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला 1 मेगाबाइट. तासाचे 3600 सेकंद, म्हणजे तासाला 3.6 जीबी. साध्या वाहिनीला 3 मेगाबिट धरले तर तासाला 1.35 जीबी. तू गिऱ्हाइकांना सांगतोस, 500 जीबीची डिस्क लावा, वर्षभर बघायची गरज नाही. एचडीत तिच्यावर 140 तासही मावत नाहीत. रोज दोन तास रेकॉर्ड केले तर सव्वादोन महिन्यांत डिस्क भरते. पाटी-पेन्सिलीने सुटणारं गणित न करता तू लोकांना शब्द देत फिरतोस.

आणि 'लॅपटॉपवर लावून बघा, पेन ड्राइव्हवर घेऊन पाहुण्यांना द्या' हे कोणाच्या आधारावर सांगितलंस? पैसे भरून घेतलेल्या कंपनीच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं. ते ज्या बॉक्सवर झालं त्याच बॉक्सवर चालतं. बॉक्स जळला, बदलून दुसरा आला, की डिस्क शाबूत असूनही रेकॉर्डिंग निरुपयोगी. फुकट दिसणाऱ्या वाहिन्या साध्या बाजारातल्या बॉक्सवर पेन ड्राइव्हमध्ये उतरवल्या तर त्या फाइली बहुतेक वेळा संगणकावर चालतात, तो वेगळा प्रकार आहे. हा फरक गिऱ्हाइकाला माहीत नसणं साहजिक आहे. तुला माहीत नसेल तर तू गच्चीवरून खाली उतरून दिवाणखान्यातलं काम घेऊ नकोस.

आप्पांच्या डिस्कमधून टक् टक् आवाज येतो, हे तरी ऐकलंस का? तो आवाज बहुधा वीज कमी पडल्याचा आहे. बॉक्सच्या मागच्या साध्या यूएसबी 2.0 खाचेतून नियमाने 500 मिलिअँपिअर मिळतात. लॅपटॉपच्या आकाराच्या डिस्कची मोटर सुरू होताना कित्येकदा याच्या दुपटीपर्यंत मागते. मिळाले नाहीत की ती फिरायला लागते, थांबते, पुन्हा लागते, आणि त्यात तिचं वाचणारं हेड झिजू शकतं. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क लावायची किंवा मधे वीज पुरवणारा हब घालायचा, एवढं साधं आहे. वर तू ती डिस्क बॉक्सची गरम हवा निघते त्या जाळीवरच ठेवून आलास. वैशाखात सटाण्याच्या पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको. आणि आपल्याकडची लाइट! लिहिणं चालू असताना वीज गेली तर डिस्कची यादीच बिघडू शकते. त्या बॉक्सला इन्व्हर्टरची वायर ओढून द्यायला तुला पंधरा मिनिटं लागली असती.

तू म्हणशील, मोठमोठ्यांच्या हातून होतं. होतं, मान्य आहे. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा तिथून आलेलं मूळ, जास्त स्पष्ट चित्र ज्या फितींवर नोंदलं होतं, त्या फिती नासाला पुढे सापडल्या नाहीत. फितींची टंचाई होती तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यांच्याच चौकशीने 2009 मध्ये काढला. पण त्यांनी चौकशी केली आणि निष्कर्ष जगासमोर मांडला. यंत्रावर ढकललं नाही. आणि चित्र पुन्हा उजळवता आलं ते प्रक्षेपणाच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी जपलेल्या होत्या म्हणून. आप्पांकडे दुसरी प्रत नव्हती. ती ठेवायला हवी होती, हे मी त्यांना सांगेन. तू सांगायचं नाहीस. आज ते तुझ्या तोंडून निघालं तर ती सबब होईल.

तुझ्या बापाने डिशच्या दुकानासाठी कर्ज काढलं तेव्हा मला विचारायला आला होता. मी म्हणालो होतो, पोरगा शिकेल, हात स्थिर आहे त्याचा. ते मी आजही मागे घेत नाही. म्हणूनच तुला इथे बसवून घेतलं आहे, नाहीतर गल्लीतून जाताना मान फिरवली असती.

आता काय करायचं ते ऐक. इथून उठलास की थेट आप्पांकडे जायचं. बॉक्स बंद करून डिस्क काढायची आणि ती यापुढे कुठेही जोडायची नाही. बॉक्सला नाही, तुझ्या संगणकालाही नाही. इंटरनेटवरचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवून बघायचं नाही. डिस्क कापडात गुंडाळून उद्याच्या पहिल्या एसटीने नाशिकला न्यायची. हरवलेला डेटा काढून देणारे लोक तिथे आहेत. काय काय झालं ते त्यांना खरं सांगायचं, मॅचसकट. खर्च तुझ्या खिशातून. जेवढं निघेल तेवढं दोन वेगळ्या नव्या डिस्कांवर उतरवून आप्पांच्या हातात द्यायचं. यापुढे कोणत्याही घरी डिस्क लावण्याआधी तीत काय आहे ते घरच्यांना विचारायचं, आणि ती रिकामी आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओके दाबायचं नाही.

आणि आप्पांच्या दारात गेल्यावर पहिलं वाक्य 'बॉक्सने' असं सुरू करायचं नाही. 'माझ्या हातून पुसलं गेलं, आप्पा' असं म्हणायचं. ऊठ, ते आठच्या आत शेतावर जातात.