दाम आणि दान



'घरबसल्या' हा शब्द आपण फार सहज वापरतो. घरबसल्या काम, घरबसल्या कमाई. गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीने घरी इस्त्रीचे काम सुरू केले, तेव्हा तिच्याविषयी बोलतानाही सर्वांनी हाच शब्द वापरला. मीही वापरला. मग एका संध्याकाळी मी तिच्या घरी भेटीला गेलो. ती दुपारी अडीचपासून उभी होती. टेबलावर दुमडलेली गोधडी, तिच्यावर पांढरी चादर, हाताशी पाण्याची बाटली आणि भिंतीशी ओळीने ठेवलेली गाठोडी. त्या घरात बसलेला असा मी एकटाच होतो.

तिला विचारूनच हे लिहीत आहे. नाव मात्र लिहीत नाही.

पतीची कंपनी बंद पडली आणि घरात नियमित येणारा पगार थांबला. दोन मुले शाळेत. बाहेर नोकरीला जावे तर आजारी सासूबाईंकडे पाहणारे कोणी नाही. तिच्या हाताला एक काम चांगले येत होते, ते तिने धरले. भिशीचे पैसे आले, त्यातून जड इस्त्री घेतली. बिल्डिंगमधील लोक सकाळी लोकलला धावणारे, त्यामुळे कपड्यांना तोटा नव्हता. हळूहळू ती या कामात तयार झाली. आधी रेशमी आणि टेरिकॉटचे कपडे, इस्त्री पुरती तापली की मग सुती. सुती कपडा किंचित ओलसर असतानाच घ्यायचा. कॉलर आधी आतल्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे, नाहीतर टोकाला चुणी पडते. प्रत्येक घराच्या कपड्यांना वेगळ्या रंगाचा दोरा आणि वहीत नोंद. एखादा शर्ट जळला तर भरपाई तिच्या खिशातून.

आमच्या नाक्यावर एका कपड्याला १० रुपये घेतात. ती ६ रुपये घेत होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "पहिलंच गिऱ्हाईक बोललं, फादर. म्हणाली, घरीच तर करतेस, तुला कुठे दुकानाचं भाडं आहे? आणि आपल्यातलीच आहेस. मग नाही कसं म्हणायचं? रविवारी चर्चमध्ये एकमेकींची तोंडं बघायची असतात."

आम्ही दोघांनी तिची वही घेऊन हिशेब मांडला. तासाला साधारण १२ कपडे होतात, म्हणजे ७२ रुपये. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली तर जवळपास एक युनिट वीज जाते. ते सुमारे १० रुपये वजा केले. उरले ६२. पण कपडे आणायचे, मोजायचे, दोरा बांधायचा, घड्या घालायच्या, तीन जिने चढून परत द्यायचे, यात आणखी एक तास जातो. तो तास तिने कधी धरलाच नव्हता. तो धरला तेव्हा तिच्या एका तासाची कमाई ३१ रुपये झाली. ती वहीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी एवढीच?"

त्या रात्री मला तिचा हिशेब आठवत नव्हता, तो प्रश्न आठवत होता. आज त्याचाच विचार तुमच्यासमोर मांडतो. भावाला दोघेही राजी असले, म्हणजे तो भाव न्याय्य होतो का?

पहिले उत्तर सोपे वाटते. तिने भाव सांगितला, गिऱ्हाइकाने दिला. जबरदस्ती कोणी केली नाही. मग अन्याय कुठला?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरील ग्रंथ वाचावा लागे. घर बांधणारा आणि जोडे शिवणारा एकमेकांशी देवघेव कशी करतील, असा प्रश्न तो त्यात घेतो. दोघांच्या कामांना कुठल्या तरी एका मापाने मोजले नाही आणि प्रत्येकाला योग्य तेवढे परत मिळाले नाही, तर माणसांचे एकत्र राहणेच टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. भाव ही केवळ पैशांची गोष्ट नाही. एकाच गावात एकमेकांच्या आधाराने राहण्याची ती एक अट आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विषय पुढे नेला. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्यासाठी विकणाऱ्याने किंमत वाढवू नये, असे ते सांगतात. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. आता हाच न्याय उलट बाजूने लावून पाहा. विकणारीची गरज मोठी आहे एवढ्यासाठी घेणाऱ्याने किंमत पाडावी का? तिच्या पतीची नोकरी गेली, ही काही आपली कमाई नाही. मग त्या संकटाचा फायदा आपल्या खिशात कसा येतो?

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. कारखान्यातील मजुरांची स्थिती त्यांच्यासमोर होती. मालक आणि मजूर यांनी करार केला म्हणजे न्याय झाला, हे त्यांनी मान्य केले नाही. अधिक वाईट प्रसंग टळावा म्हणून, नाइलाजाने, मजुराने कमी वेतन पत्करले तर तो अन्यायाचा बळी ठरतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे 'हो' म्हणणे पुरेसे नसते. ज्याला 'नाही' म्हणण्याची सोय होती, त्याचेच 'हो' खरे.

काही जण म्हणतील, फादर, आम्हीही श्रीमंत नाही. चार रुपये वाचले तर मुलांच्या फीला होतात. ते खरे आहे. घासाघीस करणे हे पाप नाही. घरी काम करणाऱ्याचा खर्च खरोखरच कमी असेल, तर थोडी सवलत मागणेही चुकीचे नाही. पण आपण कशाची सवलत मागतो ते एकदा तपासावे. तिला भाडे नाही, तर भाड्याची सवलत मागा. नाक्यावर इस्त्री करणारा तरी कुठे भाडे भरतो? तो जिन्याखाली टेबल टाकून उभा असतो. त्याच्या आणि तिच्या कामात फरक एवढाच, की तो घराबाहेर उभा आहे आणि ती घरात. एक तास दोन्हीकडे तेवढाच लांब असतो. पाय दोन्हीकडे तेवढेच दुखतात. घरात केलेल्या कामाला आपण पिढ्यान् पिढ्या दाम दिला नाही, म्हणून घरात राहून केलेले बाहेरचे कामही आपल्याला अर्ध्या किमतीचे वाटते. 'घरबसल्या' हा शब्द त्या सवयीतून आला आहे.

नाक्यावरच्या त्या माणसाचाही विचार करावा लागेल. तो उत्तर प्रदेशातून आला. अजूनही कोळशाची इस्त्री वापरतो आणि महिन्याला गावी पैसे पाठवतो. एकदा मी तेथून जात असता त्याने मला थांबवले आणि म्हणाला, "फादर, वो बहन छह में करती है, मैं छह में कैसे करूँ?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच हिशेब कळत नव्हता. आणि तो कळण्यासारखा नव्हताच, कारण तिच्या ६ रुपयांत एक अख्खा तास फुकट घातलेला होता. आपल्या या भगिनीने कोणाचे वाईट चिंतले नाही. पण जो आपल्या श्रमाला शून्य धरतो, तो शेजाऱ्याच्या श्रमालाही नकळत शून्याकडे ओढतो. म्हणून योग्य दाम मागणे हा लोभ नव्हे. ते शेजाऱ्याविषयीचेही कर्तव्य असू शकते.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख तुम्हाला केलेला उपदेश झाला असता. पण मला माझेही सांगायचे आहे.

तिचा व्यवसाय सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चर्चची अल्तारावरची वस्त्रे तिच्याकडेच इस्त्रीला जात असत. कॉर्पोरल, अल्तारावरच्या चादरी, माझे अल्ब, वेदीसेवकांचे झगे आणि सणाला पडदे. कॉर्पोरलची नऊ चौकोनांची घडी ती इतकी नेमकी घालते, की मिस्सात ते उलगडताना मला दरवेळी बरे वाटते. या कामाचा एक रुपयाही आम्ही कधी दिला नाही. मी त्याला 'सेवा' म्हणत आलो. सणाच्या दिवशी आभारप्रदर्शनात तिचे नाव घेतले, की आपले कर्तव्य झाले असे मला वाटे. तिने व्यवसाय सुरू केल्यावरही गाठोडे तसेच जात राहिले. फरक एवढाच झाला, की आता ते इतर गाठोड्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे ठेवले जाऊ लागले आणि ज्यांचे पैसे मिळणार होते ती मागे राहू लागली.

त्या संध्याकाळी हिशेबाच्या वहीत मी सर्व घरांची नावे पाहिली. चर्चचे नाव त्यात नव्हते.

पहिल्या गिऱ्हाइकाने तिला सांगितले होते, "आपल्यातलीच आहेस." मी तिला सांगितले होते, "देवाचं काम आहे." दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण दोन्ही वाक्यांनी तिची 'नाही' म्हणण्याची सोय काढून घेतली होती. धर्मगुरूला नाही म्हणणे हे शेजारणीला नाही म्हणण्यापेक्षा किती अवघड असते, हे मला कळायला हवे होते.

आपली सेवेची भावना चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. सेवा आणि दान यांवाचून आपला एकही धर्मग्राम उभा राहिला नसता. पण दान कशाचे होते? ज्याचा दाम मान्य झाला आहे, त्याचेच. जे आपले आहे असे कोणी मानतच नाही, ते आपण देणार कसे? याबाबत संत पौलाकडे पाहण्यासारखे आहे. तो करिंथ शहरी आला, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या पतीपत्नीच्या घरी राहिला. तिघांचा धंदा एकच, तंबू बनवण्याचा. एका घरात चालणारा तो छोटा व्यवसाय होता आणि पौल तेथे हाताने काम करी. पुढे करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो आधी सविस्तर युक्तिवाद करतो, की शुभवर्तमान सांगणाऱ्याला त्याच्या श्रमावर जगण्याचा हक्क आहे. शिपाई, द्राक्षमळा लावणारा, मेंढपाळ अशी उदाहरणे देतो. हक्क पक्का झाल्यावरच तो सांगतो, की मी मात्र तो वापरला नाही. आधी हक्क, मग त्याग. आणि तो त्याग त्याने स्वतः केला. करिंथकरांनी त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकला नाही.

मी आपल्या आर्थिक समितीपुढे हा विषय ठेवला. थोडी चर्चा झाली. "आजवर कधी दिले नाहीत, आता कशाला?" असे एकाने विचारले. तोच तर मुद्दा होता. शेवटी ठरले, की नाक्यावरचा भाव चर्चही देईल. मी तिला जाऊन सांगितले आणि मागच्याबद्दल क्षमाही मागितली. ती अवघडली. मग वही उघडून तिने नवे पान काढले आणि म्हणाली, "फादर, चादरी, झगे आणि पडदे लिहिते. कॉर्पोरल नाही लिहिणार. ते माझ्याकडून."

ती कॉर्पोरल आधीही तीच होती आणि घडीही तशीच होती. पण मला वाटते, ती दान म्हणून अल्तारावर आली ती त्या दिवसापासून.

आता तिचा भाव ९ रुपये आहे. एक रुपया तिने आपणहून कमी ठेवला आहे, कारण भाडे नाही हे तिलाही मान्य आहे. दोन घरांनी कपडे देणे बंद केले. ते सोपे गेले नाही आणि तिची चिंता मिटलेली नाही. महिनाअखेरीस देऊ म्हणणारेही आहेत. त्यांना मला अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञेची आठवण करून द्यावीशी वाटते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचे लक्ष तिच्याकडे लागलेले असते, असे तेथे सांगितले आहे.

आपल्या धर्मग्रामात घरून काम करणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. कोणी शिवण करते, कोणी डबे देते, कोणी केक करते, कोणी शिकवणी घेते. त्यांना माझी एकच विनंती आहे. एक वही करा आणि तिच्यात आपला वेळ लिहा. एखाद्याला कमी पैशांत किंवा फुकट काम करून द्यायचे असेल तर जरूर द्या, पण किती दिले ते स्वतःला माहीत असू द्या. आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या आपण सर्वांनी, पुढच्या वेळी दारात उभे राहून भाव विचारताना, "घरीच तर करतेस" हे शब्द ओठांवर आले तर क्षणभर थांबावे.

प्रभू तुम्हा सर्वांच्या हातच्या कामाला आशीर्वाद देवो.

आपला,
फादर