माझी सॅक कुणी उचलायची?

सह्याद्रीत माझी सॅक मी कधी कुणाला दिली नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, नामचे बाजारच्या (3,440 मीटर) चढणीवर मात्र माझी आणि मित्राची, अशा दोन सॅक विशीतला एक राई मुलगा नाम्लोवर, म्हणजे कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर, पेलत होता. दमला की तोक्मा काठी ओझ्याखाली टेकवून उभ्यानेच विसावायचा. मी नुसती पाण्याची बाटली घेऊन मागे धापा टाकत होतो.

लाज वाटली. म्हटलं, माझी मी घेतो. त्याचा चेहरा उतरला. "दाई, माझं काही चुकलं का?" ओझं गेलं की मजुरी गेली. माझ्या लाजेची किंमत तो मोजणार होता.

मग रोजगार दिला म्हणून निवांत व्हायचं? तेही जमेना. आपल्याला वाटतं, हे डोंगरातलेच, यांना काय होतंय! पण राई, तामाङ पोर्टर बरेचदा खालच्या गावांतून आलेले असतात. विरळ हवा त्यांनाही बाधते. गाइड रोज आमच्या बोटांना ऑक्सिमीटर लावायचा, त्याच्या बोटाला कधीच नाही. ओझ्याबद्दल (खरं तर स्वतःबद्दल) इतका विचार करणाऱ्या मलाही ते दिसलं नव्हतं.

डिंगबोचेला, 4,410 मीटरवर, अखेर विचारलं. "कालपासून डोकं दुखतंय. गाइडदाईंना सांगू नका."

मी सांगितलं. सकाळी त्याला सोबत देऊन खाली पाठवलं. उरलेल्या दिवसांची मजुरी आम्ही दोघांनी दिली. ती त्याने घेतली, मोजली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.